फटाके, पोपट आणि हरवलेला डॉक्टर

शेजारच्या इंग्रज आजोबांनी मला एकच अट घातली होती: टेप चालू असताना चकली खायची नाही.

दिवाळीच्या फराळाचा डबा मी दरवर्षी त्यांच्याकडे नेते. चिवड्यातले शेंगदाणे ते आधी वेचून खातात, लाडू "जरा जास्तच गोड" म्हणत दोन संपवतात, पण खरा जीव चकलीवर. या वेळी डबा ठेवून निघाले तेव्हा म्हणाले, पाच नोव्हेंबरला संध्याकाळी ये, तुला 'डॉक्टर हू'चा एक भाग ऐकवतो. मला वाटलं, इतकी वर्षं इथे लंडनमध्ये राहूनही माझ्या ऐकण्यात गफलत झाली. मालिकेचा भाग बघतात, ऐकतात कुठे? तर म्हणाले, "हा बघता येत नाही. तो आता नाहीच आहे."

आईला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "कुठला डॉक्टर? काय झालंय तुला?" म्हणून घरच्यांसाठी आधी थोडक्यात. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथांची मालिका. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-खोपटात बसून काळातून आणि अवकाशातून भटकतो. खोपटं बाहेरून माणूसभर, आतून वाडा. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. आदल्याच दिवशी केनेडींचा खून झाला होता, लोकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल आजारपणामुळे थकले, तेव्हा मालिका करणाऱ्यांनी शक्कल लढवली: डॉक्टरला मरण नाही, तो देह बदलतो. आपल्याला यात नवल ते काय वाटणार! पण त्या युक्तीवर ही मालिका साठ वर्षं तगली आहे.

हार्टनेल आणि त्यांच्यानंतरचे पॅट्रिक ट्राउटन, या दोघांचे १९६३ ते १९६९ मध्ये मिळून २५३ भाग झाले. त्यातले पुष्कळसे बीबीसीकडे नाहीत. चोरीला गेले नाहीत, जळले नाहीत. बीबीसीनेच पुसले.

हे ऐकून मी हसणार होते, पण मावशी आठवली. तिच्या लग्नाच्या कॅसेटवर बाबांनी शारजाची मॅच टेप केली होती. मंगलाष्टकांच्या मधेच सचिन बॅटिंगला येतो. मावशी अजून दर दिवाळीला ते बोलून दाखवते. बीबीसीचंही वेगळं काही नव्हतं. टेप दोन इंच रुंद, महागडी आणि पुन्हा वापरता येणारी. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे जुना कार्यक्रम परत परत दाखवायला मर्यादा. लोक कधी काळी जुन्या मालिका विकत घेऊन घरी बघतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. टेपा पुसल्या गेल्या. परदेशी विकण्यासाठी १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या, त्यांचे हक्क संपले की त्याही कचऱ्यात निघाल्या. फिल्म लायब्ररीला वाटे, टेपवरचं सांभाळणं आपलं काम नाही. विक्री खात्याला वाटे, मूळ प्रत लायब्ररीत असणारच, आपण जुना माल कशाला साठवा? पुण्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप बंद करण्याचं असंच होई. दुसऱ्या मजल्याला वाटे तिसऱ्याने केला असेल, तिसऱ्याला वाटे वॉचमनने. टाकी आपली वाहत राही.

ते विक्री खातं होतं आमच्या ईलिंगमध्येच, ब्रॉडवे स्टेशनजवळच्या विलियर्स हाऊसमध्ये. मी रोज तिथूनच ट्यूब पकडते आणि इतकी वर्षं मान वर करून त्या इमारतीकडे बघितलंही नव्हतं. १९७८ साली इयान लेव्हाइन नावाचा मालिकेचा एक चाहता तिथे पोचला, तेव्हा डालेकांची पहिलीच गोष्ट, सात भागांची, फेकायच्या मालात बांधून ठेवलेली त्याला दिसली. डालेक म्हणजे धातूच्या कवचात बसून "नष्ट करा" असं किंचाळणारे डॉक्टरचे हाडवैरी. ती गोष्ट त्याने वाचवली. एक माणूस थोडा उशिरा पोचला असता तर डालेक पहिल्यांदा कसे दिसले हे आज फक्त फोटोत बघावं लागलं असतं.

तेव्हापासून शोध चालू आहे. काय काय आणि कुठे कुठे सापडलं हे आजोबा सांगायला लागले की थांबत नाहीत. लंडनच्याच क्लॅपहॅममध्ये एका मॉर्मन चर्चच्या तळघरात १९८३ साली दोन भाग निघाले. ते तिथे कुणी नेले, देव जाणे, तळघर त्याचंच. 'टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग हाँगकाँगच्या टीव्ही कंपनीकडून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अचानक परत आले. एका माजी इंजिनियरने ऐंशीच्या दशकात शाळेच्या जत्रेतून जुनी फिल्मची रिळं घेतली होती. त्यातले दोन भाग जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, हे त्याला कित्येक वर्षांनी गप्पांच्या ओघात कळलं, आणि २०११ च्या डिसेंबरात थेम्सकाठच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची बातमी फुटली. 'मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड' नावाचा कार्यक्रम तिथे होतो, हरवलेलं सापडलं की चारचौघांत दाखवायचा. आजोबा त्या दिवशी सभागृहात होते. दिवे मालवल्यावर लोकांनी असा आवाज काढला, म्हणतात, की शेजारची बाई रडते की हसते कळेना.

सगळ्यात मोठं घबाड नायजेरियातलं. तेव्हा फिल्मच्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात फिरत असत. एका केंद्राने दाखवून झालं की पुढच्या देशाला धाडायची, किंवा परत पाठवायची, किंवा नष्ट करून तसं कळवायचं. त्या कागदपत्रांचा माग काढत फिलिप मॉरिस हा गृहस्थ जॉस शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या कोठीपर्यंत गेला. डब्यावरच्या चिकटपट्टीवरची धूळ पुसली तर खाली मालिकेचं नाव. नऊ हरवलेले भाग! ऑक्टोबर २०१३ मध्ये ते जाहीर झाले आणि बेपत्ता भागांचा आकडा १०६ वरून ९७ वर आला. पण त्यातही एक खडा लागलाच. त्यातल्या 'वेब ऑफ फिअर' या गोष्टीचे सगळे भाग फळीवर बघितल्याचं मॉरिस सांगतो. पुढे ते हलवण्याचा पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालला, आणि डबे हाती आले तेव्हा तिसरा भाग नव्हता. तिसऱ्या भागाचा विषय निघाला की आजोबा चहाचा कप खाली ठेवतात.

आता बघा गंमत. ज्यांनी आपलं काम नियमाप्रमाणे चोख केलं, त्यांनी पुसलं, जाळलं, फेकलं. ज्यांनी चालढकल केली, परत पाठवायचं विसरले, कचऱ्यातून उचलून गुपचूप घरी नेलं, त्यांच्याकडे उरलं. याचा कळस ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल असे तुकडे कापले आणि सरकारी शिस्तीने जपून ठेवले. पुढे मूळ भाग गेले, तुकडे मात्र राष्ट्रीय अभिलेखागारात १९९६ साली दोन चाहत्यांना सापडले. म्हणजे काही भागांचं आज आपल्याला तेवढंच हलतं चित्र बघता येतं, जे कुणीही बघू नये म्हणून कापलं होतं! ज्या अधिकाऱ्याने ते कापले त्याला आज चाहते दुवा देतात.

चोरून ठेवणाऱ्यांबद्दल मात्र माझं आणि आजोबांचं जमत नाही. फिल्म कायद्याने बीबीसीची, त्यामुळे काही संग्राहक धाकापोटी तोंड उघडत नाहीत. आजोबांना त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे: त्यांनी उचललं नसतं तर राहिलंच नसतं. मला हे अर्धंच पटतं. वाचवणं वेगळं आणि कपाटात ठेवून "माझ्याकडे आहे" या सुखात म्हातारं होणं वेगळं. फिल्म तशी राहत नाही. तिला आंबूस, शिर्क्यासारखा वास सुटतो, ती आक्रसते, वळते आणि एक दिवस कुणाचीच राहत नाही.

मी पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या परिसरात वाढले. फिल्म अर्काइव्हवरून शाळेत जायचे, पण आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. पी. के. नायर यांनी साठच्या दशकापासून तिथे भंगारवाल्यांकडून, जुन्या निर्मात्यांच्या वारसांकडून डबे गोळा केले, हे मला कळलं ते इथे ईलिंगमध्ये, एका इंग्रज म्हाताऱ्याने विचारलं म्हणून. आणि तरी 'आलम आरा' नाहीच. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत नाही. आजोबांनी विचारलं, "आवाज तरी?" मी म्हटलं, तोही नाही. बोलपटाचा आवाजच नसावा, हे त्यांना इतकं लागलं की त्यांनी माझ्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

आपला एक धागा 'डॉक्टर हू'तही आहे. पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौचे, लहानपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडला आलेले. पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा त्यांच्या हाती ही मालिका आली. १९६४ मधली मार्को पोलोची सात भागांची गोष्ट, एक भाग सोडून, त्यांनीच केली. ती कितीतरी देशांना विकली गेली, आणि आज सातातला एकही भाग नाही. सेटवरचे फोटो आहेत, आवाज आहे.

कारण आवाज सगळ्यांचाच आहे. हाच या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. बीबीसी पुसत होती तेव्हा देशभर दहा-पंधरा वर्षांची काही पोरं टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून बसली होती. त्यांच्या टेपांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शाबूत आहे. चित्रांची सोय जॉन क्युरा नावाच्या गृहस्थाने केली. तो धंदा म्हणून टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढी, एका भागाचे साधारण सत्तर, आणि नट-दिग्दर्शकांना विकी. आपलंच काम पुन्हा बघायचा त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आवाज आणि फोटो जोडून चाहत्यांनी भाग उभे केले, मग बीबीसीने त्याच आवाजावर ॲनिमेशनही केलं.

तर पाच नोव्हेंबर. इथे हा फटाक्यांचा दिवस, पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सच्या नावाचा. संध्याकाळी साडेचारलाच अंधार. आजोबांनी रीळ लावायचं जुनं टेपरेकॉर्डर टेबलावर काढून ठेवलं होतं, शेजारी क्युराच्या फोटोंच्या छापील प्रती क्रमाने. भाग होता 'पॉवर ऑफ द डालेक्स'चा पहिला. ट्राउटन यांचं डॉक्टर म्हणून पहिलंच काम, आणि या गोष्टीचे सहाही भाग बेपत्ता. तो लागला ५ नोव्हेंबर १९६६ ला, शनिवारी. तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे होते. त्यांनी घरात सगळ्यांना पंचवीस मिनिटं तोंड मिटायला लावलं होतं. ऐकला नाही तो फक्त पोपट. हिरवा, मुठीएवढा, आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तसला.

रीळ फिरलं. खरखर, मग ते सुप्रसिद्ध घुमणारं संगीत, मग आवाज. आजोबा फोटो एकेक उलटत होते. नवा डॉक्टर बोलतो, आणि मागे पोपट कलकलाट करतो. कारण बाहेर फटाके वाजताहेत, १९६६ चे. पोपट जितका घाबरतो तितका ओरडतो, आणि एका ठिकाणी अगदी हळू आवाजात कुणी बाई म्हणते, "अगं बाई, त्याच्यावर फडकं टाका कुणीतरी." म्हणजे इंग्रजीत, पण माझ्या कानाला ते असंच आलं. आजोबांची आई.

बाजारात याच भागाचा स्वच्छ केलेला आवाज मिळतो. आजोबांकडे तोही आहे, ॲनिमेशनही आहे. एक-दोनदा बघून ठेवून दिलं.

भाग संपल्यावर मी चकली हातात घेतली आणि विचारलं, उद्या कुणाच्या तळघरात हा सापडला तर? मला वाटलं, ते डोळे मिटून "अहाहा" म्हणतील. ते जरा विचारात पडले. म्हणाले, 'टूम ऑफ द सायबरमेन' सापडला तेव्हा आम्ही काहीजण आतून खट्टू झालो होतो. लहानपणी बघितला तेवढा मोठा तो नव्हता. उलट 'एनिमी ऑफ द वर्ल्ड'ला, जिच्यात ट्राउटनचा डबल रोल आहे, सगळे सुमार समजत; नायजेरियातून ती आली आणि बघतो तर काय, झकास!

"मग हा?" मी म्हटलं.

"हा सापडला तर टीव्हीचा आवाज बंद करायचा," ते म्हणाले, "आणि आवाजाला ही टेप लावायची."

बाहेर फटाके चालूच होते. आजोबांनी रीळ पुन्हा सुरुवातीला नेलं, थोडं ऐकू या म्हणाले. मी चकली बशीत ठेवली. एक मोठा धडाका झाला आणि आम्ही दोघांनी एकदमच खिडकीकडे बघितलं. तो टेपमधला होता.