तळ्याकाठचं फ्रिसबीगोल्फ आणि अण्णांचा गोफणीचा हात

यंदा जूनमध्ये अण्णा पहिल्यांदा फिनलंडला आले. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून निघून त्यांचा प्रवास आजवर फार तर पंढरपूरपर्यंत व्हायचा. दुसऱ्याच दिवशी, रात्री साडेनऊच्या लख्ख उन्हात, मी त्यांना तळ्याकाठच्या बागेत घेऊन गेले. आमचं टाम्पेरे शहर नॅसियार्वी आणि प्यूहायार्वी या दोन मोठ्या तळ्यांच्या मधे वसलंय. अण्णा काठावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं पाणी, अन् राखायला माणूस नाही?"

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकर आला की आमच्या गल्लीत घागरी धावायच्या. अण्णांची नजर तिथूनच आलेली आहे.

त्या बागेत फ्रिसबीगोल्फचं ९ टोपल्यांचं छोटं मैदान आहे. तिकीट नाही, फाटक नाही; डिस्क, म्हणजे फेकायची चपटी तबकडी, घ्या आणि खेळा. लोखंडी खांबाला वर साखळ्यांची झालर आणि खाली टोपली. फेकलेली डिस्क साखळ्यांवर खणकन आदळते, तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. तो आवाज मला फार आवडतो. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, डिस्क पडेल तिथून पुढची फेक, आणि जो टोपलीपासून सगळ्यात लांब त्याचा डाव आधी. अमेरिकेतल्या एड हेडरिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं कायमचं मैदान आखलं, आणि साखळ्यांची टोपलीही पुढे त्यांचीच.

फेकणं मात्र सोपं नाही. डिस्क छातीसमोरून आडवी ओढून सोडायची. उजव्या हाताने अशी फेकली की ती आधी सरळ जाते आणि वेग ओसरला की डावीकडे झुकते. मला हे कळायला अख्खा उन्हाळा लागला होता. अण्णांच्या पहिल्या तीन डिस्का झाडीत गेल्या. चौथीला त्यांनी मला थांबवलं. "जोर मागून बघू. आधी सोडायची वेळ धरू दे." लहानपणी जोंधळ्याच्या माळ्यावर उभं राहून त्यांनी गोफणीने पाखरं हाकलली आहेत. गोफणीत दोरीचं एक टोक नेमकं कधी सोडायचं, यावरच दगड कुठे जाणार ते ठरतं. चौथी डिस्क दोन बर्चच्या झाडांमधून निघाली आणि टोपलीपासून पाच पावलांवर टेकली. सत्तरीतला माणूस तिच्यामागे अक्षरशः धावत गेला.

चेंडूच्या गोल्फला हिरवळ लागते आणि ती हिरवळ पाणी पिते. आपल्याकडे तो खेळ कुणाच्या डोक्यात येणार नाही, आणि येऊही नये. याला मात्र हिरवळ लागतच नाही. झाडं आहेत तशी, उंचवटे आहेत तसे, वर खांब रोवायला नऊ खड्डे. आमच्या गावच्या पाझर तलावाच्या काठी, बाभळी-लिंबांमधून हे मैदान मला स्पष्ट दिसतं. संध्याकाळी पारावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली पोरं तिथे खेळतील. बायाही खेळतील, कारण इथे साठीच्या आज्या माझ्यापेक्षा अचूक फेकतात. खांब आणि साखळ्या आपला गावातला वेल्डिंगवाला सहज करून देईल. मी हे गंभीरपणे म्हणतेय. पुढच्या दिवाळीला येताना डिस्का घेऊन येणार आहे.

सहाव्या टोपलीची वाट पाण्याला लागून आहे. अण्णांची डिस्क वळली ती थेट तळ्यात. नियमाने एका फेकीचा दंड. मी "राहू द्या, दुसरी आहे" म्हणेपर्यंत ते पॅन्ट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरले होते. तळ स्वच्छ दिसत होता. डिस्क लगेच सापडली. ती उताणी धरून त्यांनी तिच्यात पाणी भरलं, तोंड धुतलं, डोळ्यांना लावलं. मग उरलेलं पाणी सांडू न देता काठावर आणलं आणि एका कोवळ्या बर्चच्या मुळाशी ओतलं.