तळ्याला लाईट लावताना

बागेतल्या तळ्यात पहिल्यांदा लाईट लावले तेव्हा मी सहाच्या सहा दिवे पाण्यात सोडले, आणि रात्री बटण दाबल्यावर दिसलं काय तर पाण्यात तरंगणारा गाळ, तळाचं काळं प्लास्टिक आणि पंपाची वायर. मासे सगळे कमळाच्या पानांखाली दाटीवाटीने जाऊन बसलेले. फार वाईट वाटलं, त्यांनाही रात्रीचा अंधार हवाच असतो ना.

मग चार दिवे काढले. आता एक आहे छोट्या धबधब्याच्या खाली, पाणी पडतं तिथे, आणि दुसरा पलीकडच्या काठावर झाडाच्या बुंध्याशी, वर तोंड करून. वारा नसला की अख्खं झाड पाण्यात उलटं उतरतं, फांदी न् फांदी दिसते! पाणी उजळायचंच नाही, आजूबाजूचं उजळायचं, पाणी आपोआप आरसा होतं. फक्त दिव्याचं तोंड बसायच्या जागेकडे नको, डोळ्यावर येतं. रंग वॉर्म व्हाईट, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, पांढऱ्याफटक निळसर लाईटवर किडे पण जास्त येतात.

सेफ्टीच्या बाबतीत मात्र कृपा करून चालढकल करू नका. दिवे १२ व्होल्टचेच घ्या, ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब आणि पाऊस लागणार नाही असा बसवा, आणि त्या लाईनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) हवाच, कारण साधा एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला शॉक बसला तर तो पडेलच असं नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पाण्यात बुडणाऱ्या दिव्यावर आयपी ६८ (धूळ-पाणी किती सोसेल त्याचा आकडा) लिहिलेलं बघा, आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल इतकंच, तो काठावर ठीक आहे. आणि टेप गुंडाळलेला जॉइंट पाण्यात, नाही म्हणजे नाही.

अजून एक, केबल थोडी जास्त सोडा आणि गुंडाळी करून दगडाआड ठेवा. काचेवर शेवाळ धरतं, हिरवा बुळबुळीत थर, आणि उजेड हळूहळू मंद होत जातो, आपल्याला वाटतं दिवाच गेला. मी मेन स्विच बंद करते, दिवा काठावर ओढून घेते, जुन्या टूथब्रशने घासते, परत पाण्यात. बाहेर असताना पेटवून बघायचा मोह होतो पण काही दिव्यांना थंड राहायला पाणी लागतं, कोरडे चालवले की तापून जातात, तेव्हा आधी बुडवा मग बटण. टायमर दहाचा लावलाय. दिवे गेले की थोड्या वेळाने पानांखालून हालचाल सुरू होते, मी तेवढ्यासाठी थांबते रोज.