डोक्यावरचे काटे

मार्चमधली गोष्ट. नाशिकजवळच्या मखमलाबादचे एक द्राक्ष बागायतदार सकाळी साडेआठलाच माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मांडीवर क्रेट, त्यावर ओलं फडकं. "मॅडम, बागेच्या जाळीत हळद्या अडकला होता. पण चोच पोपटाची दिसते."

फडकं बाजूला केलं आणि कानठळ्याच बसल्या. पिवळाधमक, पोटाकडे केशरी, पंखांच्या टोकांना हिरवा-निळा. शेपटीसकट फूटभर. सन कन्युअर, परदेशी पोपट.

जाळीचा दोरा बोटांत इतका रुतला होता की एक बोट सुजून काळपट पडलं होतं. भिंगाखाली एकेक पीळ कापायला वीस मिनिटं लागली. बोट वाचलं. पायात नंबरची अखंड कडी होती. अशी कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच चढते, म्हणजे जन्मच पिंजऱ्यातला.

"मग गंगापूर धरणाकडं सोडून देऊ का? झाडी आहे तिथं," काका म्हणाले. मनापासून म्हणाले. मी त्यांना बसवून सांगितलं, की याचं घर दक्षिण अमेरिकेत, गयाना आणि शेजारच्या ब्राझीलच्या कडेला. 1980च्या दशकात तिथून इतके पकडून विकले गेले, की आज रानातले प्रौढ पक्षी अडीच हजारांच्या आत असावेत असा अंदाज आहे. याला इथं काय खायचं ठाऊक नाही, शिकारी शिक्रा कसा ओळखायचा तेही नाही. आणि तगलाच, तर आपल्याच पोपटांच्या ढोल्या बळकावणार. काका गप्प झाले, पण चहा घेऊनही गेले नाहीत.

मला खरं खुपलं ते वेगळंच. छातीवरची पिसं उपटलेली, कातडी उघडी. डोक्यावर मात्र एकही पीस कमी नाही, उलट पांढऱ्या काट्यांची दाटी. नवं पीस वेष्टनात गुंडाळलेलं, काट्यासारखं उगवतं. अंगावरची वेष्टनं पक्षी चोचीनं सोलतो, पण स्वतःच्या डोक्यावर चोच पोचत नाही. ते काम जोडीदाराचं. रानात हे थव्यानं राहतात, ढोलीतही एकत्र झोपतात. छाती उघडी आणि डोकं काटेरी, म्हणजे हा जीव बराच काळ एकटा होता.

मी एक काटा दोन बोटांत धरून हलकेच चोळला. वेष्टनाचा भुगा झाला आणि आतून केशरी पीस उलगडलं. ओरडणं थांबलं. त्यानं मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले. दुखऱ्या पायाचंही भान नाही. अर्धा तास मी तेवढंच करत होते.

पक्षीपाळकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर संध्याकाळी मालकीणबाई आल्या. लॉकडाऊनमध्ये मुलासाठी घेतला होता, मुलगा आता पुण्याला शिकतो. त्या दिवसभर नोकरीवर. 2024च्या नियमानुसार अशा परदेशी पक्ष्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, हेही त्यांना माहीत नव्हतं. ते मी सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं.

मग त्यांचा हात धरून एक काटा कसा चोळायचा ते दाखवलं. पहिल्यांदा त्या घाबरल्या. "चावेल ना?" पण त्यानं मान खाली घातली. बाई रडायलाच लागल्या. "चार वर्षांत मी याच्या डोक्याला कधी हातच लावला नाही हो."

काका तिथंच उभे होते. क्रेट उचलून त्यांनी तो बाईंच्या रिक्षात ठेवला.