वरवंटा, नारळ आणि चोडणची फेरी

गोव्यात रायबंदरला मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. गणित-विज्ञानाचा गृहपाठ तपासताना उत्तराआधी मी खाडाखोड बघते. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी, मांडवी नदीपलीकडच्या चोडण बेटावरून फेरीनं, म्हणजे गाड्या-माणसं नेणाऱ्या बोटीनं, येणाऱ्या नववीतल्या एका मुलीच्या वहीत एका ठिकाणी रबरानं घासून घासून कागद पार पातळ झाला होता. त्यावर लिहिलं होतं, 350 ग्रॅम.

गणित नेहमीचंच. 500 ग्रॅमचं, 350 घन सेंटीमीटर आकारमानाचं सीलबंद पाकीट पाण्यात तरंगेल की बुडेल, आणि ते किती पाणी बाजूला सारेल? घनता तिनं नीट काढली होती: 500 भागिले 350, म्हणजे 1.43. पाण्याच्या 1 पेक्षा जास्त, म्हणून बुडेल. पुढच्या 350 ला मात्र एकही पायरी नव्हती.

"आधी काय लिहिलं होतंस?"

"500, टीचर. पण पुस्तकात मागे 350 दिलंय."

"500 का वाटलं?"

"फेरीत गाड्या चढल्या की फेरी खाली जाते. जेवढं वजन, तेवढं पाणी हटतं ना?"

मला फार आनंद झाला. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीवरून ही पोर थेट तत्त्वापर्यंत पोचली होती. फक्त ते तरंगणाऱ्या वस्तूंना लागू होतं. अशा विचारावर काट मारून पुढे जाणं म्हणजे मुलावर अन्यायच, असं माझं ठाम मत आहे.

बादली काठोकाठ भरून परातीत ठेवली. आधी सोललेला नारळ सोडला. तो 600 ग्रॅमचा होता. परातीतलं पाणी मापात ओतलं तर 600 मिलीच्या जवळपास भरलं. (थोडं परातीला चिकटून राहतंच.) तिचं म्हणणं खरं ठरलं. मग बादली पुन्हा भरून वरवंटा दोरीनं बांधला आणि हुकाच्या स्प्रिंगकाट्याला टांगला. हवेत 1400 ग्रॅम. हळूहळू पाण्यात सोडला, तसा काटा उतरत 900 वर थांबला. सांडलेलं पाणी अर्धा लिटर.

ती काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दगडाला तेवढीच जागा आहे. त्याहून जास्त पाणी तो हटवणार कसा?"

मग पाकिटाचं तिनंच सांगितलं: पूर्ण बुडालं तरी 350 ग्रॅमच पाणी हटणार, वर उचलणारा जोर तेवढाच, 150 ग्रॅमचा भार उरतो, म्हणून ते तळाला जातं. या वेळी पायऱ्या होत्या.

फेरीचंही मांडलं. सपाट तळाची, 20 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद धरली, तर 1000 किलोची गाडी चढल्यावर एक घनमीटर पाणी हटायला हवं. 1 भागिले 160, म्हणजे जेमतेम 6 मिलीमीटर. दहा गाड्या चढल्या की 6 सेंटीमीटर. ते धक्क्यावरून डोळ्यांना दिसतं.

वही मिटता मिटता तिनं विचारलं, "पावसात मांडवीचं पाणी गोडं होतं. मग फेरी जास्त बुडते?"

बुडते. समुद्राचं पाणी लिटरला साधारण 1025 ग्रॅम, गोडं 1000. समुद्रात एक मीटर बुडणारी फेरी गोड्या पाण्यात अडीच सेंटीमीटर जास्त बुडेल. रायबंदरला एरवीही पाणी समुद्राइतकं खारं नसतं, म्हणजे फरक त्याहून कमी. तोही तिनं मांडायला घेतला.