तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवता की वाजवता?

गणपतीत इथल्या महाराष्ट्र मंडळात प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, “तुम्ही पियानो शिकवता की वाजवता?” ठाण्याची मावशी फोनवर आडपडदा ठेवत नाही. “म्हणजे स्वतःचे कार्यक्रम आता बंद का गं?” रांगेत मी ‘दोन्ही’ म्हणून सुटका करून घेते. आज जरा नीट सांगते.

अमेरिकेत ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात मी शिकवते. माझा सकाळचा वर्ग पाहिलात तर दादरची टायपिंग इन्स्टिट्यूट आठवेल. बारा इलेक्ट्रॉनिक पियानो, बारा मुलं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. सूर ज्याचा त्याला. खोलीत नुसती पट्ट्यांची खटखट. यातलं कुणी पियानोवादक होणार नसतं. कुणी ट्रम्पेट वाजवतो, कुणी गाते. पण संगीताची पदवी हवी तर पियानोची परीक्षा द्यावीच लागते. मी मागून फिरते. ऐकू काही येत नाही, तरी कोण चुकतंय ते कळतं. अंगठा तळहाताखालून न्यायला विसरलं की कोपर बाहेर येतं.

दुपारी एकेकाची शिकवणी. दोन ओळींच्या, म्हणजे दोन्ही हातांना आपापली सुरावट असलेल्या, ज्या छोट्या रचना (इन्व्हेन्शन्स) मी दरवर्षी शिकवते, त्या संगीतकार बाखने १७२३ साली शिकणाऱ्यांसाठीच स्वच्छ लिहून काढल्या, आणि हात गाता व्हावा हा हेतू पहिल्याच पानावर नोंदवला. माझा एक विद्यार्थी फुटबॉलच्या संघातला, पंजा ताटलीएवढा. त्याला मी डाव्या हाताची ओळ आधी गायला लावली. तीन आठवडे तो लाजून जमिनीकडे बघत पुटपुटला. मग एका मंगळवारी, गाताना जिथे श्वास घ्यायचा तिथेच त्याचा हात आपसूक उचलला गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी काही बोलले नाही, उगाच सावध झाला असता.

माझा स्वतःचा रियाज सकाळी सहा ते साडेसात. मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकायच्या. इथे हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते आणि पियानो उतरतो. नोव्हेंबरपासून मी पाण्याची भांडी भरत असते.

वर्षातून एकदा कॉलेजच्या सभागृहात माझा कार्यक्रम होतो. निम्मे श्रोते हजेरीसाठी आलेले विद्यार्थी, हे मला माहीत असतं. तीन वर्षांपूर्वी शूबर्ट या संगीतकाराची ई-फ्लॅटमधली ‘इम्प्रॉम्प्टू’ नावाची पियानोरचना वाजवत होते. त्यात मधल्या भागाची सुरुवात आणि शेवटच्या भागाची सुरुवात सख्ख्या बहिणींसारखी. शेवटाकडे वळायचं तिथे मी पुन्हा मधल्या भागात शिरले आणि सगळा फेरा दुसऱ्यांदा घालून आले. टाळ्या पडल्या. सोमवारी ट्रम्पेटवाला विचारतो, “प्रोफेसर, तुम्ही वळण चुकलात ना?” ‘चुकलात तरी थांबू नका’ हे वर्गात शंभरदा सांगितलेलं होतं. त्या दिवशी ते बहुधा पोरांना पटलं.

मावशीच्या प्रश्नामागे काय असतं ते मला कळतं. शिकवणं म्हणजे वाजवणं सुटलेल्या माणसाची सोय, असा एक समज आहे. मला अशा वेळी पियानोवादक रोझिना लेव्हीन आठवतात. १८९८ साली, अठराव्या वर्षी, मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेचं सुवर्णपदक मिळालं, त्याच वर्षी पियानोवादक योझेफ लेव्हीनशी लग्न झालं, आणि नवऱ्याशी स्पर्धा नको म्हणून बाईंनी एकट्याने कार्यक्रम करायचे नाहीत असं ठरवलं. (यावर मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.) दोघं दोन पियानोंवर एकत्र वाजवत. १९४४ मध्ये ते गेल्यावर न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत त्यांचे विद्यार्थी बाईंनी सांभाळले. १९५८ साली मॉस्कोत चायकोव्हस्की स्पर्धा जिंकणारा व्हॅन क्लायबर्न बाईंचाच विद्यार्थी. आणि जानेवारी १९६३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत त्यांनी संगीतकार शोपँचा ई-मायनर कॉन्चेर्टो (एक पियानो आणि अख्खा ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) वाजवला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात निरखणाऱ्या बाईंचे स्वतःचे हात तयारच होते.

आपल्याकडे गुरू गातो आणि शिष्य मागे तानपुरा धरून बसतो. इथे उलटं. विद्यार्थी कॉन्चेर्टो वाजवतो तेव्हा ऑर्केस्ट्रा परवडत नाही. मग शिक्षक दुसऱ्या पियानोवर बसून सगळ्या ऑर्केस्ट्राचं काम दहा बोटांत भागवतो. गेल्या मार्चमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने स्पर्धेसाठी तोच शोपँ निवडला. त्यात पियानो सुरू होण्याआधी जवळजवळ चार मिनिटं नुसता ऑर्केस्ट्रा आहे. म्हणजे मी. ती मांडीवर हात ठेवून बसलेली, रुमालाने पट्ट्या पुसून झालेल्या, काय करावं ते न सुचून पुन्हा एकदा पुसलेल्या. माझ्या शेवटच्या ओळी हळू हळू विरत आल्या. तिने हात उचलले आणि श्वास घेतला. तो मला पलीकडे स्पष्ट ऐकू आला. तो पुरा होईपर्यंत मी शेवटचा सूर धरून ठेवला.