परड्यातले मांजरघर

गेल्या श्रावणात आमची मांजर ठिपकी रात्री बाहेर पडली आणि सकाळी रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला निपचित सापडली. तिला परड्यातल्या शेवग्याखाली पुरले, त्याच दिवशी तिचे पिल्लू मोती आणि बोका गबरू यांना यापुढे रस्त्यावर जाऊ द्यायचे नाही, असे ठरवले. पण आठवडाभर घरात कोंडल्यावर गबरू खिडकीच्या गजांना तोंड लावून रात्र-रात्र ओरडू लागला. ऊन, मातीचा वास आणि उंचावर बसून येणारे-जाणारे न्याहाळणे ही त्याची खरी गरज आहे आणि ती भागवणे आपले काम आहे, हे तेव्हा मनोमन पटले.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात फूट उंच असा एक इंची चौकोनी पाइपचा मांजरघराचा सांगाडा कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, करून आणला. जाळी निवडताना मात्र आमची चूक झाली. "वहिनी, मांजरासाठी दोन इंची बास झाली," असे वेल्डरने सांगितले आणि आम्हीही मान डोलावली. तिसऱ्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत मोतीने कान मागे दुमडून जाळीच्या एका चौकोनातून डोके बाहेर काढले, क्षणभर थांबून खांदे आत ओढले आणि पुढच्या क्षणी ती पलीकडच्या गवतात उभी होती. मांजराचे गळपट्टीचे हाड खांद्याच्या सांध्याशी जोडलेले नसते, त्यामुळे जेथून डोके निघते तेथून बहुधा उरलेले अंगही निघते. सगळी जाळी उतरवून एक इंची वेल्डेड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी लावली. घुशी आणि साप आत येऊ नयेत म्हणून खालच्या दोन फुटांत अर्ध्या इंचाची जाळी जोडली आणि तळाला सिमेंटचा कट्टा बांधला. खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी स्वस्त पडते, पण भटक्या कुत्र्यांपुढे तिचा निभाव लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दारे दोन हवीत, एकामागे एक, म्हणजे आपण आत शिरताना मांजर पायांतून निसटले तरी दुसऱ्या दाराशी अडते. छप्परही पूर्ण बंदिस्त हवे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती बाजू पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याने बंद केली आणि उन्हाळ्यासाठी वर हिरवी शेडनेट ताणली. पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या चार फळ्या ठोकल्या, एका खांबाला नखे घासण्यासाठी काथ्या गुंडाळला.

झाडांचा प्रश्न सर्वांत नाजूक ठरला. सासूबाईंची पूजेची कण्हेर तिथेच होती आणि तिचे पान, फूल, खोड सगळेच विषारी. लिली तर त्याहून घातक, कारण अंगावर पडलेला तिचा पराग नुसता चाटला तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सासूबाईंनी एकदाच विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उभ्या राहून कण्हेर अंगणात हलवून घेतली. लिलीच्या कुंड्या माहेरी पाठवल्या. फरशी पुसायला फिनेलही बंद केले, कारण त्यातला फिनॉल पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. आता साधे गरम पाणी आणि घासणी वापरतो.

कण्हेरीच्या जागी एका कुंडीत गव्हांकुर पेरले आहेत. शेजारी आपोआप उगवलेली खोकली ही रानवनस्पती मी तण समजून उपटायला निघाले होते, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी एक रोप मुळासकट उपटून, माती झटकून गबरूपुढे ठेवले. त्याने मुळी हुंगली, तिच्यावर गाल घासला आणि ठिपकी गेल्यापासून पहिल्यांदाच तो पाठीवर पडून लोळू लागला.