निशाणी कुऱ्हाड

माझ्या सासूबाई कॅनडातल्या क्यूबेकच्या, मातृभाषा फ्रेंच. फ्रान्सच्या मोर्तान्य-ओ-पेर्श गावातल्या एका कॅफेत त्यांनी कॉफी मागितली, तर वेटर त्यांचे उच्चार ऐकून हसला आणि इंग्रजीत उत्तर देऊ लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. समुद्र ओलांडून बाई आल्या होत्या त्या याच गावासाठी! त्यांचा मूळपुरुष झाकारी क्लुतिए इथलाच सुतार. १६३४च्या सुमारास इथून कॅनडाला गेला. सासूबाई 'म्वा'ऐवजी (म्हणजे 'मी') 'म्वे' म्हणतात. फ्रान्सनं टाकलेली ही जुनी धाटणी क्यूबेकनं जपली आहे. हसण्यासारखं काय त्यात?



क्लुतिएपर्यंत पोचायला सासूबाईंना दोन हिवाळे लागले. क्यूबेकच्या चर्चमधल्या लग्ननोंदींत सहसा वधूवर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आणि बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही कागदावर राहतं. त्यामुळे एकेक लग्न धरत आईच्या आईकडूनही वर चढता येतं. माझ्या माहेरच्या वंशावळीत मुलींची नावंच नाहीत. पणजी कुठल्या घरची, मला आजही ठाऊक नाही. ते तिथे फार लागलं.

मोर्तान्यच्याच नोत्र-दाम चर्चमध्ये बाकावर बसून त्यांनी एका जुन्या दस्ताची झेरॉक्स पिशवीतून बाहेर काढली. क्लुतिएला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी त्यानं कुऱ्हाड काढली आहे. मी म्हटलं, "आई, आमच्याकडेही हेच! जुन्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, कुणब्याची निशाणी नांगर, बलुतेदारांची आपापली अवजारं." त्यांनी माझ्याकडून कागदाच्या मागे नांगर काढून घेतला. मला तो नीट जमला नाही, तरी त्यांनी बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं.

१८०० सालापर्यंत या माणसाचे कॅनडात १०,८५० वंशज झाले होते. याच भागातल्या रोबेर जिफारनं त्याला क्यूबेकजवळच्या बोपोरमधल्या आपल्या जहागिरीत नेलं, आणि पुढे त्याच जिफारला मालक म्हणून मुजरा करायला क्लुतिएनं नकार दिला. प्रकरण थेट गव्हर्नरपर्यंत गेलं.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच कॅफेत गेलो. मी दुसरीकडे जाऊ म्हणत होते, पण त्या ऐकेनात. वेटरनं इंग्रजी मेनू पुढे केला. सासूबाईंनी तो बाजूला सारला आणि इथला प्रसिद्ध बुदँ न्वार (डुकराच्या रक्ताचं सॉसेज) मागवला, शब्द न शब्द आपल्या उच्चारात.